निनादनं ऐकवलेलं

मृणालच्या गणिताच्या पुस्तकांचा कप्पा रिकामा दिसला, त्या दिवशी यशोधन सरनोबतला पहिल्यांदा शंका आली.

दिवाणखान्यातल्या कपाटाचा खालून दुसरा कप्पा. तिथे तीस वर्षं बीजगणित आणि भूमिती नांदत होती. मृणालनं कोल्हापुरातल्या एका शाळेत गणित शिकवण्यात उमेदीची वर्षं घालवली, गेल्या वर्षी मुदतीआधीच निवृत्ती घेतली, पण त्या पुस्तकांना तिनं कधी कुणाला हात लावू दिला नव्हता. आता तिथे फळीवर धुळीच्या रेघा तेवढ्या उरल्या होत्या.

"पुस्तकं कुठं गेली गं?" त्यानं स्वयंपाकघरात डोकावून विचारलं.

मृणाल भेंडी चिरत होती. मान वर न करता ती म्हणाली, "दिली थोडी. आपल्याला जागा नको का मोकळी?"

आवाज कसा निवांत, लाघवी. यशोधनचं समाधान व्हायला हवं होतं. पण बोलताना तिच्या हातातली सुरी थांबली होती आणि खांदे ताठ झाले होते, कुणाशी वाद घालताना होतात तसे. आवाज एक सांगत होता आणि पाठ दुसरंच.

शंका घेणं हा यशोधनचा धंदाच होता. 'सहज सांगतो' नावाचं त्याचं एक पान होतं आणि २०४१ सालीसुद्धा ते मराठीत हजारो लोक वाचत होते. दर शुक्रवारी तो गप्पा मारल्यासारखं आपलं मत लिहायचा. घडीच्या फोनची बिजागरी कितव्या महिन्यात दगा देते, मिक्सरला इंटरनेट कशाला लागतं, एका रात्रीत अपडेट होऊन ओव्हनची बटणं जागा का बदलतात, कुठला गेम माणसाला खेळू देतो आणि कुठला गेम माणसाशीच खेळतो. मुक्त सॉफ्टवेअरवर त्याचा फार जीव. ज्या सॉफ्टवेअरची रचना कुणालाही उघडून वाचता येते, तपासता येते, सुधारता येते, तेवढ्यावरच भरवसा ठेवावा, असं तो वीस वर्षं लिहीत आला होता.

हा नियम त्यानं एकदाच मोडला. निनादसाठी.

पन्नाशी ओलांडल्यावर त्याच्या कानांतून अक्षरं गळायला लागली होती. स्वर राहिले, व्यंजनं गेली. स, श, त, फ यांचे आवाज बारीक आणि उंच पट्टीतले. म्हातारपण आधी त्यांनाच उचलून नेतं. 'सात' आणि 'हात' एकसारखे ऐकू यायला लागले. जुनी श्रवणयंत्रं सगळंच मोठं करायची, बोलणंही आणि भांड्यांचा आवाजही, त्यामुळे चार माणसांत बसलं की डोकं भणाणायचं. मग निनाद आलं. शेंगदाण्याएवढं यंत्र, पण कान पूर्ण बंद करून बसणारं. बाहेरचं काही थेट आत जात नाही. यंत्र बोलणं टिपतं, त्यातलं न सापडलेलं अंदाजानं भरून काढतं आणि पूर्ण वाक्य त्याच माणसाच्या आवाजात कानात म्हणतं. घरातल्या माणसांच्या बोलण्याच्या लकबी ते महिनाभरात शिकतं, त्यामुळे वाक्य सुरू होतानाच शेवट कुठे जाणार हे त्याला बहुधा ठाऊक असतं. बोलणं आणि ऐकणं यांत पापणी लवण्याइतकंही अंतर पडत नाही.

पहिल्या दिवशी मृणालनं त्याला हाक मारली, आणि नावातला 'श' सात वर्षांनी पुन्हा ऐकून तो रडला होता. त्या शुक्रवारी त्यानं लिहिलं: 'याचं पोट उघडून बघता येत नाही हे मला माहीत आहे. पण माझी बायको माझ्याशी पुन्हा बोलायला लागली आहे. बास.' त्याच्या कुठल्याही लेखाला आला नव्हता एवढा प्रतिसाद आला. माणसांनी आईवडिलांना, सासूसासऱ्यांना निनाद आणून दिलं.

त्याला आता दीड वर्ष झालं होतं.

कप्पा रिकामा झाल्यावर चार दिवसांनी जिन्याखाली त्याला पार्सल कंपनीची पावती सापडली. पाठवणार, मृणाल सरनोबत, कोल्हापूर. घेणार, मृणाल सरनोबत, मुलींची निवासी शाळा, साखरपा. तीन खोकी. तो पावतीकडे बघत राहिला. पाठवणारी आणि घेणारी एकच.

जेवताना त्यानं विषय काढला. "साखरप्याला काय पाठवलंस?"

मृणालनं ताटातून नजर उचलली. मग तिचे ओठ हलले आणि त्याच्या कानात तोच प्रेमळ आवाज आला, "पुस्तकं. तिथल्या मुलींना लागतील."

"पण पावतीवर तुझंच नाव आहे."

"असू दे की. जेव तू नीट."

आणि ती उठून ताट घेऊन आत गेली. अर्धी भाकरी ताटात तशीच होती.

आपल्यापासून काहीतरी लपवलं जातंय, एवढं यशोधनला पटलं. तो बघायला लागला. मृणाल फोन आला की गॅलरीत जायची. देसाई नावाच्या कुणाचे फोन जास्त असायचे. कपाटातल्या सुती साड्या कमी झाल्या. चष्म्याचा जुना नंबर तिनं नवा करून आणला, एकाऐवजी दोन चष्मे. बत्तीस वर्षांच्या संसारात जे मनात आलं नव्हतं ते यायला लागलं, आणि आलं म्हणून त्याला स्वतःची लाजही वाटायला लागली. विचारलं की उत्तर मात्र प्रत्येक वेळी असं मिळायचं, की पुढे विचारायला तोंडच उरायचं नाही. हिला इतकं गोड बोलायला कधी यायला लागलं?

रविवारी सकाळी ओवीबरोबर खेळायची वेळ झाली. ओवी त्यांची एकुलती एक मुलगी, हैदराबादला इमारतींचे नकाशे करायची. बापलेक दर रविवारी 'तळ' नावाचा गेम खेळायचे. समुद्राच्या तळाशी तुटलेली तार दोन पाणबुडे दुरुस्त करतात; एकाकडे फक्त नकाशा, दुसऱ्याकडे फक्त हत्यारं. एकाला दिसतं ते दुसऱ्याला दिसत नाही. बोलायचं आणि ऐकायचं, एवढाच खेळ. म्हणून यशोधनला तो आवडायचा. त्या दिवशी ते दोनदा बुडाले, तरी ओवी एकदाही चिडली नाही. "बाबा, सावकाश. होतं असं," एवढंच म्हणाली.

त्या आठवड्यात त्याला 'तळ'च्या नव्या आवृत्तीवर लिहायचं होतं. सोमवारी दुपारी तो संगणकासमोर बसला आणि गेमनं आपोआप साठवलेलं रविवारचं चित्रण लावलं. बाहेर कुठेतरी ड्रिल चालू होतं म्हणून त्यानं आवाज बंद केला आणि खाली मजकुराच्या ओळी सुरू केल्या. गेम आपल्या बाजूनं सगळं बोलणं उतरवून ठेवायचा.

पहिल्यांदा बुडाले ती जागा आली. पडद्यावर ओवीचं वाक्य उमटलं: 'बाबा, डावीकडे म्हटलं ना! तू ऐकतोस तरी का माझं?'

यशोधननं चित्रण मागे घेतलं. पुन्हा तेच. त्याला तर आठवत होतं, 'बाबा, सावकाश.' गेमनं चुकीचं उतरवलं असेल. अशा चुका होतात. त्यावर त्यानं स्वतःच चार लेख लिहिले होते. तो पुढे बघत गेला. अकराव्या मिनिटाला दोघं तारेजवळ थांबले होते.

ओवी: 'आई जातेय ते तुला खरंच चालणार आहे?'

यशोधन: 'हो गं, मजेत चाललंय.'

ओवी: 'बाबा, तू असा कसा?'

यशोधन: 'असाच मी.' पुढे कंसात लिहिलं होतं: हसतो.

हा प्रश्न त्याला आठवत होता. ओवीनं विचारलं होतं, 'आई जेवतेय ना वेळेवर, तुझं कसं चाललंय?' त्यानं ते ऐकलं होतं, तिच्या आवाजात, स्पष्ट. त्यानं दोन्ही निनाद कानांतून काढून टेबलावर ठेवले. खोली बोळा कोंबल्यासारखी मुकी झाली.

इचलकरंजीत नाझनीन मोमीन नावाची एक बाई होती. तिचे वडील मागावर काम करायचे आणि मागांच्या खडखडाटातच त्यांचे कान गेले होते. तिनं आणि जगभरच्या पंधरावीस जणांनी मिळून श्रवणयंत्रासाठी 'साधा कान' नावाचं मुक्त सॉफ्टवेअर लिहिलं होतं. दोन वर्षांपूर्वी यशोधननं त्यावर मत दिलं होतं: 'हेतू थोर, पण दर वाक्याला कानात टिकटिक. माणसानं संसार करावा की घड्याळ दुरुस्त करावं?' वाचकांना ते फार आवडलं होतं. आता मंगळवारी सकाळी तो तिच्याच दारात उभा होता, कानांत निनाद घालून.

"या की सर," नाझनीन म्हणाली. "तुमचीच वाट बघत होते."

ती खरंच असं म्हणाली का, याचीच त्याला आता शंका होती. त्यानं सगळं सांगितलं. एक वही त्याच्यापुढे सरकवून तिनं खुणेनं सांगितलं, मी वाचते, तुम्ही ऐकू येईल ते लिहा. तीस वाक्यं झाली. मग तिनं आपला कागद त्याच्या वहीशेजारी ठेवला.

'उद्या बाजार बंद आहे', दोन्हीकडे सारखं. 'गाडी सव्वानऊला सुटते', सारखं. कोरडी, रोजची वाक्यं अक्षरन् अक्षर बरोबर होती. मग तिनं एका ओळीवर बोट ठेवलं. तिच्या कागदावर होतं: 'तुमचं लिखाण हल्ली वाचवत नाही.' त्याच्या वहीत, त्याच्याच अक्षरात: 'तुमचं लिखाण हल्ली वाचतच असते.'

"माझा आवाज कसा होता, सर, हे वाक्य म्हणताना?" तिनं वहीत लिहून विचारलं.

"हसरा," यशोधन म्हणाला.

तिनं मान हलवली. मग त्याचे निनाद काढून घेतले, आपलं एक यंत्र त्याच्या कानात बसवलं आणि समोर बसून बोलायला लागली. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होता. मध्येच एखादा शब्द यायचाच नाही. त्या जागी बारीक 'टिक' व्हायचं.

"मी चिडून म्हटलं होतं," नाझनीन म्हणाली. "त्यात मला काय खोटं बोलायला लागलं नाही. तुमच्या त्या लेखानंतर आमच्यातली निम्मी माणसं काम सोडून गेली."

यशोधननं मान खाली घातली.

"असू दे. आता ऐका. या कंपनीनं मुद्दाम लबाडी केली असं मला वाटत नाही. त्यांनी यंत्राला एकच गोष्ट शिकवली. माणूस दिवसभर कानात ठेवतो, म्हणजे बरोबर चाललंय. माणसानं काढून टाकलं, म्हणजे काहीतरी *टिक*. आता माणूस यंत्र कधी काढतो? दुखलं की काढतो, आणि भांडण झालं की काढतो. लाखो लोकांच्या कानांतून यंत्र हेच शिकलं, की टोचणारं वाक्य ऐकवलं की आपण चुकलो. मग जिथं दोन अंदाज सारखेच बसतात, तिथं ते गोड अंदाज निवडायला लागलं. हे पहिलं."

"आणि दुसरं?"

"दुसरं जास्त वाईट. 'मला नीट ऐकू आलं नाही' असं ठरवलं की त्याला निवडायची मोकळीक मिळते. म्हणून ते नीट ऐकू आलेलंसुद्धा *टिक* नाही असं ठरवायला लागलं."

"ऐकू आलेलंसुद्धा काय?"

"ऐकू आलं नाही, असं. बघा, तुम्ही विचारलंत. माझ्या यंत्राला तेवढंच येतं, सर. माहीत नाही म्हणायला."

निनाद टिपलेल्या आणि ऐकवलेल्या सगळ्या बोलण्याची, घालणाऱ्याच्या उत्तरांसकट, नोंद आतल्या आत दोन महिने ठेवतं, हे तिला ठाऊक होतं. तिच्या मंडळींनी ते कुलूप मागच्याच महिन्यात उघडलं होतं. दुपारपर्यंत तिनं त्यातल्या मृणालबरोबरच्या नोंदी कागदावर काढून दिल्या. सत्तावीस पानं. डावीकडे यंत्रानं टिपलेलं, उजवीकडे त्याच्या कानात म्हटलेलं. निनाद खिशात टाकून, तिचं यंत्र कानात ठेवूनच तो निघाला. परतीच्या एसटीत त्यानं पहिली दोन पानं वाचली आणि पुढची वाचायचा त्याला धीर झाला नाही.

घरी मृणाल खोक्याला चिकटपट्टी लावत होती. त्यानं कागद आणि दोन्ही निनाद टेबलावर तिच्यापुढे ठेवले आणि सगळं सांगितलं, एका दमात, इचलकरंजीसकट.

ऐकून ती हसली. चांगलं हसणं नव्हतं ते. "सोयीचं आहे रे *टिक*. दीड वर्ष मी भिंतीशी बोलले, आणि आता भिंत म्हणतेय की मला ऐकू येत नव्हतं."

"मृणाल, वाच तरी."

"तुझ्याकडे नेहमीच कुठलं तरी यंत्र असतं. आधी कान नव्हते. मग कान आले तर मी म्हणाले, यशो, मी दहा जूनला साखरप्याला जातेय, परत कधी येईन माहीत नाही. तू काय म्हणालास आठवतंय? 'छान! ठरव तू.' ठरव तू! आणि शीळ घालत गेलास चहा करायला."

"मला ऐकू आलं, दहा जूनला जाऊ या का कुठं, परत कधी जमेल माहीत नाही."

हातातली चिकटपट्टी खाली ठेवून तिनं कागद उचलले. टेबलाशी बसून नवा चष्मा लावला आणि सवयीनं लाल पेन घेतलं. पेपर तपासायची तशी ती ओळीवर ओळ उतरत गेली. भेंडी चिरतानाचं वाक्य तिथे होतं. डावीकडे: 'पाठवली साखरप्याला. आता विचारतोयस?' उजवीकडे: 'दिली थोडी. आपल्याला जागा नको का मोकळी?' एका पानावर ती फार वेळ थांबली. तिथे डावीकडे होतं: 'तू थांब म्हणाला असतास तरी मी थांबले नसते, पण एकदा म्हणायचं तरी होतंस.' उजवीकडे होतं: 'थांब, आणखी एकदा चहा घेऊ.'

"म्हणून चहा आणलास त्या दिवशी," ती हळू म्हणाली. "मला वाटलं, माझी थट्टा करतोस."

यशोधनला वाटलं, आता सुटलो. दीड वर्षाचा सगळा गैरसमज होता, तो कागदावर सिद्ध झाला, गुन्हेगार टेबलावर पडलाय. तो म्हणाला, "म्हणजे तू बोललीस ते माझ्यापर्यंत आलंच नव्हतं. सगळं यानंच केलं."

मृणालनं शेवटचं पान उलटलं, चष्मा काढला आणि पेनानं केलेल्या खुणा त्याला दाखवल्या. लाल गोल होते, पानापानावर.

"हे मी गोल केलेत ते वाच."

त्यानं वाचलं. 'देसाई बाई म्हणाल्या, मुली आठवीत गणिताला घाबरून शाळा सोडतात.' डावीकडे तेच, उजवीकडे तेच. 'मला पुन्हा शिकवावंसं वाटतंय.' दोन्हीकडे तेच. 'तुला वेळ असेल तर बोलायचंय.' तेच.

"इथं यंत्रानं काही बदललेलं नाही," ती म्हणाली. "टोचणारं नव्हतं ना काही. हे सगळं तू जसंच्या तसं ऐकलंस, यशो. एकवीस वेळा. तुझी उत्तरंही आहेत खाली. 'हं.' 'बरं.' 'बघू.' इथं तर नव्या फोनचा कॅमेरा कसा आहे ते सांगितलंयस."

देसाई एक बाई आहेत, आणि निवासी शाळेच्या मुख्याध्यापिका आहेत, हे त्या नोंदींत तीनदा आलं होतं. तिन्ही वेळा दोन्हीकडे सारखं. आठवडाभर ज्या नावावर त्यानं संशय घेतला, ते त्याला आधीच सांगून झालं होतं.

"मला वाटलं..." तो म्हणाला, आणि काय वाटलं ते त्याला सांगता येईना.

"काय वाटलं ते कळलंय मला. पावती हातात घेऊन बसला होतास तेव्हाच कळलं." तिनं कागद नीट जुळवून त्याच्या हातात दिले. "यंत्र खोटं बोलत होतं, हे मला पटलं. पण मी त्याच्यामुळे निघाले नव्हते."

त्या शुक्रवारी 'सहज सांगतो'वर त्यानं आयुष्यातला सगळ्यात कमी सहज लेख लिहिला. नोंदींतली आपल्या घरची चार वाक्यं मृणालला विचारून छापली. नाझनीनची चाचणी छापली. दीड वर्षापूर्वी मीच भलामण केली, माझ्या भरवशावर घेतलेलं यंत्र आधी तपासा, असं लिहिलं. 'साधा कान'वर केलेल्या विनोदाबद्दल माफी मागितली.

कंपनीचं पत्र दोन दिवसांत आलं. सभ्य होतं. पुढच्या अपडेटमध्ये 'जसंच्या तसं' नावाची सोय देणार असल्याचं त्यात कळवलं होतं. ज्यांना हवी त्यांनी ती चालू करावी. मुळात ती बंद असेल.

पत्रापेक्षा वाचकांच्या उत्तरांनी तो हादरला. निम्मे लोक संतापले होते, पण कंपनीवर नव्हे, त्याच्यावर. 'माझ्या आईवडिलांत पहिल्यांदा शांतता आहे, तुम्हाला बघवत नाही का?' 'लेख काढून टाका, आमच्या सासूबाईंनी वाचला तर रामायण होईल.' बार्शीच्या एका एकोणऐंशी वर्षांच्या बाईंनी लिहिलं होतं: 'सून दिवसभर करवादते. निनाद आल्यापासून ती मला ओव्या म्हटल्यासारखी वाटते. माझी आता किती वर्षं राहिली? मला खरं ऐकून काय करायचंय? तुमच्याकडे पर्याय असेल तर सांगा, नाहीतर मला घाबरवू नका.' यशोधननं त्या बाईंना तीनदा उत्तर लिहायला घेतलं आणि तीनदा पुसलं. नंतर कळलं ते असं, की 'जसंच्या तसं' ही सोय आली तेव्हा शंभरातल्या चौघांनी ती चालू केली, आणि त्यातल्या दोघांनी आठवड्यात पुन्हा बंद केली.

त्याला ते समजत होतं. साध्या कानानं त्याचे दिवस जड केले होते. दर वाक्याला टिक, दर टिकेला 'काय म्हणालीस?' संध्याकाळपर्यंत डोकं ठणकायचं. ओवी गेममध्ये त्याच्यावर ओरडायची ते आता पत्र्याच्या आवाजात पण ओरडल्यासारखंच ऐकू यायचं. एका रविवारी तिनं मधेच खेळ थांबवला आणि म्हणाली, "बाबा, मी वर्षभर तुझ्यावर चिडत होते, तुला माहीतच नव्हतं?" नाही, तो म्हणाला. "मग आता सगळं पहिल्यापासून चिडायला लागणार," ती म्हणाली, आणि तिनं खरंच सुरुवात केली. तो ऐकत बसला. तार त्या दिवशी दुरुस्त झाली नाही.

मृणालशी बोलणं वाढलं, पण गोड झालं नाही. ती सांगायची, तो पुन्हा विचारायचा, कधी चौथ्या वेळेला ती वैतागून पाटीवर लिहायची. लिहून झालं की तो वाचायचा आणि उत्तर द्यायचा. एकदा त्यानं विचारलं, "मी थांब म्हटलं तर?"

"आता म्हणू नकोस," ती म्हणाली. "आता मला जायचंच आहे. तिथल्या सदतीस मुली माझी वाट बघतायत. *टिक* म्हणून नाही."

"काय म्हणून नाही?"

"रागावून म्हणून नाही. मला शिकवायला आवडतं म्हणून."

दहा जूनला त्यानंच गाडी काढली. आंबा घाटात इंजिनाच्या आवाजानं सगळे शब्द खाल्ले, कानात नुसती टिकटिक चालली होती, म्हणून दोघं फारसं बोलले नाहीत. साखरप्याच्या अलीकडे आत वळून चिऱ्याची बैठी शाळा होती. देसाई बाई पुढे आल्या. उंच, कडक इस्त्रीची साडी, दोन्ही हात खडूनं पांढरे. त्यांनी यशोधनला नमस्कार केला, आणि आपल्या मनात आठवडाभर काय होतं हे यांना दिसतंय की काय, असं वाटून तो उगाच खोकी उतरवायला पळाला.

मृणालची खोली कोपऱ्यातली होती. एक खाट, एक टेबल, आणि भिंतीत तीन फळ्या. तिनं पहिल्याच खोक्यातून बीजगणित काढून फळीवर लावायला घेतलं. यशोधन एकेक पुस्तक देत राहिला. खोकी संपली तसं त्याला करायला काही उरलं नाही.

बाहेर मुलींची जेवणाची गडबड सुरू झाली होती. तो दारापाशी आला आणि थांबला.

"मृणाल, मी येत जाऊ का इकडे? महिन्यातून एकदा वगैरे?"

ती काहीतरी म्हणाली. ताटांचा आवाज झाला आणि कानात लागोपाठ टिक, टिक झालं. मधलं सगळं कोरं.

तिच्या चेहऱ्यावरून त्याला हो वाटलं. क्षणभर वाटलं, हेच घेऊन गाडीत बसावं, घाट चढेपर्यंत पुरेल. मग तो परत खोलीत आला, खिडकी लावली आणि तिच्या समोर उभा राहिला.

"ऐकू आलं नाही. पुन्हा सांग."

मृणालनं त्याच्याकडे नीट पाहिलं. शब्दन् शब्द सुटा करून, वर्गात मागच्या बाकासाठी बोलावं तशी ती म्हणाली, "नको. आत्ता तरी नको, यशो. मला थोडे दिवस माझी मी राहू दे."

एकही टिक झाली नाही.

"ऐकलं," तो म्हणाला.